क्रिप्टोचा सौदा आणि दुकानाचे करंट खाते

२०२५ च्या रमजान महिन्यातील गोष्ट. ईदचा हंगाम ऐन भरात होता. पालीला रंगाईसाठी पाठवलेल्या मालाची बिले चुकवायची होती, सूतवाल्याची मुदत भरत आली होती आणि मागवाल्यांना शुक्रवारच्या आत हप्ता द्यायचा होता. नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही सूतवाल्याला दिलेला चेक परत आला. तीस वर्षांच्या धंद्यात आमचा चेक कधी परत आला नव्हता. खात्यात रक्कम होती, सहीही बरोबर होती. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "शेठ, तुमच्या खात्यातून रक्कम काढण्यावर बंदी आली आहे. दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांचे पत्र आहे."

आम्हाला वाटले, नावात काही घोटाळा झाला असेल. मालेगावात एकाच नावाची दहा माणसे निघतात. परंतु पत्रात खाते क्रमांक आमचाच होता, आणि त्यासोबत एका व्यवहाराची तारीख व रक्कम होती : अडतीस हजार पाचशे रुपये. आम्ही घरी येऊन पुतण्याला विचारले. दुकानाचे मोबाइल बँकिंग तोच पाहतो. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "चाचा, ते मी क्रिप्टो विकले होते. माझ्या खात्याची त्या दिवसाची मर्यादा संपली होती, म्हणून दुकानाचा नंबर दिला. यात फसवणूक काय? माल दिला, पैसे घेतले."

त्याचे म्हणणे त्याच्या परीने खरे होते. त्याने यू.एस.डी.टी. नावाचे नाणे विकले होते. डॉलरच्या भावाला बांधलेले हे डिजिटल नाणे हल्ली तरुण पोरांच्या तोंडी सर्रास असते. गिऱ्हाईक मोबाइलवरच भेटले होते. ते कोण, कोठले, याची त्याला काही माहिती नव्हती. इतकेच, की ते बाजारभावापेक्षा नाण्यामागे दोन रुपये जास्त द्यायला तयार होते. आमच्या धंद्यात अनोळखी माणूस ताक्यामागे दोन रुपये जास्त देऊ लागला तर जुना व्यापारी आधी त्याच्याकडे नीट पाहतो, मग मालाला हात लावतो. पुतण्याने हेच केले नाही.

झाले होते ते असे. दुसऱ्या राज्यात एका वृद्ध माणसाला ठकांनी फोनवरून घाबरवून त्याच्याकडून मोठी रक्कम काढून घेतली होती. ती रक्कम चार-पाच खात्यांतून फिरवून शेवटी तिची क्रिप्टो घेतली गेली, कारण नाणे एकदा हाती आले की ते क्षणात देशाबाहेर जाते. त्या फिरवाफिरवीतला एक तुकडा आमच्या खात्यात आला. वृद्धाने तक्रार केली, पोलिसांनी रक्कम कोणकोणत्या खात्यांतून गेली याचा माग काढला आणि त्या साखळीतील सर्व खाती बंद केली. नाणे गेले ठकाकडे आणि चोरीचा पैसा सापडला आमच्याकडे. अशा साखळीत ठक कधी सापडत नाही; ज्याचा पत्ता, पॅन आणि जी.एस.टी. क्रमांक पक्का असतो, तोच आधी सापडतो.

हे येथे लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्यापैकी पुष्कळांना वाटते, आपण क्रिप्टो घेत नाही, तेव्हा आपला याच्याशी संबंध नाही. क्रिप्टो जायज की नाजायज, याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत आणि तो विषय या पानाचाही नाही. परंतु घरातील मुले ते घेतात, कारागीर घेतात, रंगाईचे मास्तर घेतात. तेव्हा हा प्रकार काय आहे आणि त्यात चोर कोठून शिरतो, हे दुकानदाराला माहीत असणे आवश्यक झाले आहे.

चावी म्हणजेच मालकी

जुन्या मंडळींना आठवत असेल, आंगडियाकडे रक्कम देताना एका नोटेचा क्रमांक समोरच्या गावी कळवला जाई. तेथे जो ती नोट दाखवील, त्याला रक्कम मिळे. नाव विचारले जात नसे. नोट हरवली किंवा कोणी पळवली, तर भांडण करायला निदान आंगडियाची पेढी तरी होती. क्रिप्टोचा व्यवहार साधारण तसाच आहे, फरक इतकाच की मध्ये पेढी नाही. २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले तेच मुळी मधल्या माणसाशिवाय व्यवहार व्हावा या कल्पनेने. बँकेत चुकून रक्कम गेली तर अर्ज करता येतो, कोर्टात जाता येते. नाणे एकदा दुसऱ्याच्या पत्त्यावर गेले की ते परत फिरवण्याची सोय त्या यंत्रणेतच नाही. ज्याने ते घेतले, त्याने स्वखुशीने परत दिले तरच ते येते.

आणि नोटेच्या जागी काय असते? बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. मोबाइलवर स्वतःचे वॉलेट उघडले की ते हे शब्द एकदा दाखवते आणि लिहून ठेवायला सांगते. हे शब्द ज्याच्याकडे, नाणे त्याचे. मोबाइल हरवला तरी शब्द असतील तर नाणे परत मिळते. मोबाइल खिशात असला आणि शब्द दुसऱ्याने पाहिले, तर तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पाकीट रिकामे करू शकतो. आमच्या पुतण्याने या शब्दांचा फोटो काढून तो स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवला होता. विचारले तर म्हणाला, "हरवू नये म्हणून." गल्ल्याची चावी चौकातल्या खांबाला टांगून ठेवावी, तसा हा प्रकार! फोटो मोबाइलमध्ये राहतो, ई-मेलमध्ये राहतो, मोबाइल दुरुस्तीला दिला तर दुकानदाराच्या नजरेस पडतो. हे शब्द कागदावर, हाताने लिहावेत, दोन कागद करावेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. आजवर कोणत्याही खऱ्या कंपनीला आपल्या गिऱ्हाइकाचे हे शब्द विचारण्याची गरज पडलेली नाही. जो विचारतो तो चोर, मग तो कस्टमर केअरचा म्हणवून घेवो की पोलिसांचा.

चोर शब्द मिळवतो तरी कसे? बहुतेक वेळा कुलूप न फोडता, मालकाकडूनच. लग्नाची पत्रिका किंवा बँकेची नोटीस म्हणून एखादी फाइल व्हॉट्सअॅपवर येते. ती दाबली की मोबाइलमध्ये एक अॅप बसते आणि ते येणारे ओ.टी.पी. दुसरीकडे पाठवू लागते. कोणी 'मदत' करतो म्हणून एनीडेस्कसारखे अॅप घालायला सांगतो आणि आपला पडदा त्याला दिसू लागतो. कोणी हुबेहूब वॉलेटसारखे दिसणारे खोटे अॅप देतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी आम्ही बाजारात आणि तहसील कचेरीत शिकलो आणि इंग्रजी पुष्कळांना जेमतेमच येते. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या की आम्ही त्या न वाचता 'ओके' दाबतो. कोऱ्या कागदावर सही न करणारा माणूस येथे मात्र बिनधास्त सही करतो. वॉलेटमध्ये एखाद्या संकेतस्थळाला 'अप्रूव्ह' असे दाबले, तर त्याचा अर्थ पुष्कळदा असा होतो की त्याला आपल्या पाकिटातून हवे तेव्हा, हवे तेवढे नाणे उचलण्याची परवानगी मिळाली. तेव्हा शब्द अजून आपल्याकडे आहेत, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

पत्त्याचीही एक गंमत आहे. नाणे पाठवण्याचा पत्ता म्हणजे तीस-चाळीस अक्षरे-आकड्यांची माळ. ती कोणी हाताने लिहीत नाही, जुन्या व्यवहारातून उचलून चिकटवतो. चोरांनी हे हेरले. पहिली व शेवटची काही अक्षरे सारखी असलेला पत्ता तयार करून ते त्यावरून आपल्या पाकिटात एक फुटकळ व्यवहार टाकतात, म्हणजे यादीत त्यांचा पत्ता वर येतो. मे २०२४ मध्ये एका माणसाने अशा पत्त्यावर सुमारे सात कोटी डॉलरचे नाणे पाठवून दिले. त्याने आधी थोडी रक्कम पाठवून खात्री करून घेतली होती, ती खऱ्या पत्त्यावर पोहोचलीही. नंतर मोठी रक्कम पाठवताना पत्ता यादीतून उचलला आणि तो चोराचा निघाला. पुढे सर्वांचे लक्ष वेधल्यावर चोराने बहुतांश नाणे परत केले. तेवढे नशीब प्रत्येकाचे नसते. पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहावा. ताके मोजताना आपण वरचा आणि खालचा ताका पाहून गाठ स्वीकारत नाही.

मोठ्या पेढीचेही तेच

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, नाणे मोठ्या कंपनीकडे, म्हणजे एक्स्चेंजवर ठेवावे. बहुतेक लोक तसेच करतात. अर्थात, मग चावी त्या कंपनीकडे असते आणि आपल्याकडे असते ती फक्त खात्यात दिसणारी रक्कम.

भारतातील वझीरएक्स या नामांकित एक्स्चेंजचे उदाहरण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या एका पाकिटातून तेवीस कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे नाणे चोरीला गेले. ग्राहकांच्या एकूण क्रिप्टोपैकी हा जवळजवळ पंचेचाळीस टक्के भाग होता. ते पाकीट एका चावीने उघडणारे नव्हते. सहा जणांच्या सह्यांची व्यवस्था होती. पाच जण वझीरएक्सचे आणि एक चाव्या सांभाळणाऱ्या लिमिनल या कंपनीचा. वझीरएक्सच्या तिघांनी सह्या केल्यावर लिमिनलने मंजुरी द्यायची, अशी रीत. तरीही चोरी झाली. वझीरएक्सचे म्हणणे असे, की सही करताना पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच मजकुरावर होत होती. लिमिनलने आपली यंत्रणा निर्दोष असल्याचे सांगितले. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि ग्राहक मधल्या मध्ये राहिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे म्हटले.

चोरीनंतर ग्राहकांचे नाणे अडकले. ज्याचे नाणे त्या पाकिटात नव्हतेच, त्याचेही अडकले. मूळ कंपनी सिंगापूरची, त्यामुळे दावा तेथील उच्च न्यायालयात चालला. योजना, मतदान, नामंजुरी, पुन्हा मतदान असे करीत ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्स्चेंज पुन्हा सुरू झाले. म्हणजे पंधरा महिने! धंद्यातील भांडवल पंधरा महिने अडकणे म्हणजे काय, हे छोट्या व्यापाऱ्याला सांगायला नको. आणि पुन्हा सुरू झाल्यावरही सर्व रक्कम हाती आली नाही. उरलेल्या हक्कापोटी पुढे वसूल होईल तसे देण्याचा वायदा आला.

हा एकच प्रसंग असता तर सोडून देता आले असते. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचे नाणे गेले, तेही याच पद्धतीने : सह्या करणाऱ्यांना पडद्यावर सर्व ठीक दिसत होते. अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने यामागेही उत्तर कोरियाचेच नाव घेतले. जुलै २०२५ मध्ये आपल्याकडील कॉइनडीसीएक्सच्या अंतर्गत खात्यातून चार कोटी चाळीस लाख डॉलर गेले. त्या वेळी ग्राहकांचे नाणे वेगळे ठेवलेले होते आणि तोटा कंपनीने स्वतः सोसला. म्हणजे कंपनी-कंपनीत फरक असतो. मात्र बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे जे संरक्षण आहे, तसे क्रिप्टोला कोठेही नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना सरकारच्या एफ.आय.यू. या खात्याकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी पाहूनच व्यवहार करावा. परंतु ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे, आपली रक्कम परत मिळण्याची ती हमी नव्हे.

जेथे चोरी नाही, निव्वळ थाप आहे

आमच्या वस्तीत हॅकरपेक्षा जास्त नुकसान करतो तो ओळखीचा माणूस. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या गेनबिटकॉइन या योजनेत बिटकॉइन गुंतवणाऱ्याला अठरा महिने, दरमहा दहा टक्के परतावा मिळेल असे सांगितले गेले. महाराष्ट्रात तिची जाळी दूरवर पसरली. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीने स्वतःच काढलेले, बाजारात किंमत नसलेले नाणे लोकांच्या गळ्यात मारले गेले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला आणि नंतर तपास सी.बी.आय.कडे गेला. या प्रकरणात आणखी एक धक्कादायक गोष्ट घडली. तपासात मदत करण्यासाठी पोलिसांनी ज्या दोन सायबर तज्ज्ञांना बोलावले होते, त्यांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप असा, की आरोपींच्या पाकिटांतील नाणे त्यांनी स्वतःकडे वळवले. चावी दिसली की तज्ज्ञाचेही मन डळमळू शकते, असा हा आरोप आहे.

दरमहा दहा टक्के! आमच्या धंद्यात ताक्यामागे काय सुटते, हे वाचक जाणतात. वर्षभर राबून जे सुटत नाही, ते कोणी महिन्याला देतो म्हणत असेल तर ते येते कोठून, हे विचारायला लाजू नये. २०१९ मध्ये बंगळुरूच्या आय.एम.ए. या कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली, कारण व्याज नाही, नफ्यात वाटा आहे, सर्व हलाल आहे, असे त्यांना सांगितले गेले होते. ती क्रिप्टोची कंपनी नव्हती. परंतु उद्या कोणी हलाल नाणे घेऊन दारात आला, तर विक्रीची भाषा तीच असेल, म्हणून हे आठवण ठेवावे.

हल्लीची पद्धत आणखी सफाईदार आहे. आमच्या ओळखीच्या एका रंगाई मास्तराला टेलिग्रामच्या एका गटात घेतले गेले. गटातील सर्वजण रोज नफ्याचे आकडे टाकीत. मास्तराने पाच हजार घातले, सहा हजार दोनशे परत मिळाले, तेही खरोखर त्याच्या खात्यात. मग त्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले तीन लाख घातले. पडद्यावर ते अकरा लाख दिसू लागले. काढायला गेला तर उत्तर आले, आधी तीस टक्के कर भरा. त्याने त्यासाठी उसनवारीही केली. त्या गटात मास्तर सोडून एकही खरा माणूस नसावा. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे हे खरे, परंतु तो आपल्या पॅनवर आपण सरकारी तिजोरीत भरायचा असतो. कोणाच्या यू.पी.आय. क्रमांकावर कर भरला जात नाही. मास्तर गेल्यावर महिन्याभराने 'बुडालेली रक्कम काढून देतो' म्हणणाऱ्या एका 'वकिला'चाही त्याला फोन आला. फीचे पंधरा हजार आधी मागितले. सुदैवाने तेव्हा त्याच्याजवळ द्यायला काही उरले नव्हते.

दुकानापुरते

आमचे खाते उघडण्यासाठी दुसऱ्या राज्यातील पोलिसांना अर्ज, पुतण्याच्या व्यवहाराचे सर्व पुरावे, दुकानाची तीन वर्षांची विवरणपत्रे आणि वकिलाची फी, एवढे सर्व लागले. सूतवाल्याला आम्ही रोख नाही, दागिने गहाण ठेवून दिले. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले होते, की बँकेने पूर्ण खाते न गोठवता वादातील रकमेपुरतेच अडकवावे. वकिलाने या निकालाचा आधार घेऊन अर्ज केला आणि सत्तेचाळीस दिवसांनी खाते खुले झाले. ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे, त्यांनी बँकेकडून पोलिसांच्या पत्राची प्रत, तक्रारीचा क्रमांक आणि वादातील रक्कम आधी लेखी घ्यावी. तोंडी बोलण्यात आठवडे जातात.

ज्याची रक्कम गेली असेल त्याने मात्र एक तासही दवडू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. रुपये खात्यांतून फिरत असतात तोवरच ते पकडता येतात. त्यांचे नाणे झाले की मामला कठीण. आमच्याकडे लोक लाजेखातर आठ-आठ दिवस घरात सांगत नाहीत. त्या वृद्धाने त्याच दिवशी तक्रार केली म्हणूनच आमच्या खात्यातील तुकडा तरी सापडला, हेही आम्ही रागाच्या भरात विसरू शकत नाही.

घरातील मुलांना क्रिप्टो करू नका म्हणून सांगून उपयोग नाही, ते आम्ही पाहिले. आम्ही एवढेच केले, की दुकानाचे करंट खाते आणि त्याचा मोबाइल स्वतःकडे घेतला. त्या मोबाइलमध्ये बँकेचे अॅप आणि हिशेब याखेरीज काही नाही. पुतण्याने उरलेले नाणे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर, स्वतःच्या नावावर विकले, रक्कम स्वतःच्या बचत खात्यात घेतली. अनोळखी माणसाशी थेट सौदा त्याने बंद केला. ई-मेल, एक्स्चेंज आणि बँक यांचे पासवर्ड वेगवेगळे केले, आणि ओ.टी.पी. एस.एम.एस.ऐवजी ऑथेंटिकेटर अॅपवर घेतला, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावे निघाले तर एस.एम.एस. त्याच्याकडे जातो.

अडतीस हजार पाचशे रुपयांवरील अडकाव अजून उठलेला नाही. ती रक्कम त्या वृद्धाला परत द्यावी, आमची हरकत नाही, असे आम्ही पोलिसांना लिहून दिले आहे. नाण्याची किंमत पुतण्या दरमहा थोडी थोडी करून दुकानाच्या खात्यात भरतो आहे.